छप्पन्न अंश, तीस मिनिटे

कॉलेज सुटल्यावर मी उद्यमबागेतल्या एका पेट्या करणाऱ्या युनिटमध्ये हिशेब लिहायला जातो. बेळगावच्या फौंड्रीची कास्टिंग परदेशी जातात ती लाकडी पेट्यांतून. "माल लोखंडाचा आणि भानगड लाकडाची," असे आमचे मालक म्हणतात, ते काही खोटे नाही.

लाकडात जिवंत अळी राहिली तर ती पेटीबरोबर समुद्र ओलांडते. १९९६ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात आशियाई लांबशिंगी भुंगेरा सापडला. तो चीनहून आलेल्या पेट्यांच्या लाकडातून शिरला असे मानतात. पुढे तिथे हजारो झाडे तोडावी लागली. २००२ साली सर्व देशांसाठी नियम झाला. त्यातल्या उष्णतेच्या पद्धतीत लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता सलग ३० मिनिटे राहिली पाहिजे. मगच गव्हाच्या लोंबीचा शिक्का मारायचा. परक्या बंदरातला अधिकारी काही प्रत्येक फळी चिरून बघत नाही. तो शिक्क्यावर विश्वास ठेवतो.

आमची भट्टी अण्णा सांभाळतात. त्यांचे शिक्षण कन्नड चौथीपर्यंतचे. ते दर पाच मिनिटांनी आकडा बघून वहीत कन्नडमध्ये टिपतात आणि मी तो इंग्रजी रजिस्टरात सुवाच्य अक्षरात उतरवतो. मराठी शाळेत शिकलेल्या मला कन्नड आकडे अण्णांनीच शिकवले.

एका संध्याकाळी मधेच करंट गेला. अण्णांच्या वहीत ५७, ५६, ५३, ५२ असे आकडे होते. नियमाप्रमाणे ३० मिनिटे पुन्हा पहिल्यापासून मोजायची. अण्णांची पाळी संपलेली, पुढच्या माणसाला कोणी सांगितले नाही, आणि मला शेवटची बस गाठायची होती. मी ५३ आणि ५२ च्या जागी ५६ लिहिले. रकाना छान जुळला.

पुढच्या आठवड्यात तपासणी झाली. यंत्राच्या आलेखावर रेघ खाली उतरलेली आणि माझे रजिस्टर सरळ! युनिटची मान्यता स्थगित झाली. रद्द नव्हे, स्थगित. पण शिक्का कपाटात गेला आणि अकरा माणसे घरी बसली. त्या खेपेच्या पेट्या अजून गोदामातच होत्या, एवढेच नशीब.

भट्टी चालवणारा म्हणून कागदावर नाव अण्णांचे. मालक त्यांच्यावर ओरडत होते आणि अण्णा खाली मान घालून उभे. त्यांची वही त्यांच्या खिशात होती. ती काढून दाखवली असती तर ते सुटले असते. दुसऱ्या दिवशी मी विचारले, "अण्णा, वही का दाखवली नाही?" ते म्हणाले, "तू अजून हुडुग आहेस. शिकतोयस."

त्या रात्री मला झोप आली नाही. ऑडिटिंगच्या तासाला व्हाउचरशिवाय नोंद नाही हे मी घोकले होते. अण्णांची वही हेच माझे व्हाउचर होते आणि मी ते डावलले होते. न्यूझीलंडच्या १९९३ च्या जैवसुरक्षा कायद्यात जागेची मान्यता वेगळी आणि ती चालवणाऱ्या माणसाची वेगळी, असे मी नंतर वाचले. तेव्हा पटले की भिंती आणि यंत्रे कितीही चांगली असली तरी शेवटी कोणीतरी माणूस जबाबदार धरावा लागतो. आमच्याकडे मात्र चुकीचा माणूस धरला गेला होता.

सकाळी मी मालकांना सगळे लिहून दिले. तपासनीसांच्या पुढे अण्णांची वही ठेवली. पेट्यांना पुन्हा उष्णता दिली, करंट गेला तर काय करायचे ते भिंतीवर दोन्ही भाषांत लावले, आणि फेरतपासणीनंतर काही आठवड्यांनी मान्यता परत मिळाली. त्या काळातला अकरा जणांचा बुडालेला पगार मात्र कोणी परत दिला नाही. माझ्या दोन महिन्यांच्या पगारातून त्यांतल्या थोड्याचीच भरपाई झाली.

आता रजिस्टर अण्णाच लिहितात. आकडे वाकडे असतात, खाडाखोड असते. मी फक्त बेरजा बघतो.