आवाज कुठून येतो?

रविवारी रात्री आमचा भाचा महाडचे लग्न आटोपून आला आणि गाडीची चावी देऊन गेला. सोमवारी सकाळी गाडी सुरू केली, तर बॉनेटखालून घरघर ऐकू येऊ लागली. ॲक्सिलेटर दाबला की वाढायची, सोडला की उतरायची. आम्ही नवरा-बायकोने एकमेकांकडे पाहिले आणि निकाल देऊन मोकळे झालो. आजकालच्या पोरांना गाडीची कदर असते का? रेटली असणार, ऑइल बघितले नसणार!

गॅरेजवाल्याने दोन मिनिटे ऐकले आणि म्हणाला, "इंजिन खोलावे लागेल. चाळीस हजार धरून चाला."

पैसे नव्हते असे नाही. पण ते मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी बाजूला ठेवलेले होते. रात्री कोणालाच जेवण गेले नाही. त्याच तिरमिरीत आपाला फोन लावला आणि तिच्या मुलाबद्दल नको ते बोलून बसलो. आपा काहीच बोलली नाही. तिने फोन ठेवून दिला.

आमचे अब्बा एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांना कळवले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "मी येईपर्यंत इंजिन खोलू देऊ नका." बुधवारी ते चिपळूणहून रेल्वेने पनवेलला आले. चहा झाल्यावर गाडीपाशी गेले, पण बॉनेट न उघडता आधी आम्हालाच विचारू लागले. आवाज इंजिन थंड असताना येतो की तापल्यावर? गाडी उभी असताना येतो का? चढावर वाढतो का? ऑइलचा लाल दिवा लागला होता का? निम्म्या प्रश्नांना आमच्याकडे उत्तर नव्हते. खर्चाचा हिशेब दहा वेळा केला होता, आवाज मात्र एकदाही नीट ऐकला नव्हता.

मग अब्बांनी गाडी सपाट जागी घेतली, इंजिन बंद ठेवून ऑइलची पट्टी काढून पुसली आणि पुन्हा बुडवून पाहिली. ऑइल दोन्ही खुणांच्या मध्ये होते. ते म्हणाले, "ऑइल कमी पडले तर वरच्या बाजूने टिकटिक येते. पट्टा सैल झाला तर चीं चीं करतो. इंजिनच्या आतले बेअरिंग गेले तर ठोके पडतात आणि चढावर ते जोरात येतात. ही तर घरघर आहे. आधी बाहेरचे तपासू."

इंजिन सुरू करून त्यांनी लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक एकेका भागाला टेकवले आणि मूठ कानाशी धरली. आम्हाला दूर उभे केले. फिरत्या पट्ट्याजवळ ओढणी किंवा सैल बाही जाता कामा नये, असे दोनदा बजावले. अल्टरनेटरपाशी ते थांबले. तरी खात्री हवी म्हणून इंजिन बंद केले, पट्टा उतरवला आणि पुन्हा सुरू केले.

घरघर नाही! इंजिन नेहमीसारखे चालत होते. वीस सेकंदांत त्यांनी ते बंद केले, कारण आमच्या गाडीत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर फिरतो. पट्ट्याशिवाय जास्त चालवले तर इंजिन तापते. मग त्यांनी आम्हाला अल्टरनेटरची पुली हाताने फिरवायला लावली. आत वाळू भरल्यासारखी ती खरखरत होती. बेअरिंग झिजले होते. बेअरिंग अशी वर्षानुवर्षे हळूहळू झिजतात. एका लग्नाच्या फेरीत जात नाहीत. नवे बेअरिंग मजुरीसकट हजाराच्या आत बसले.

संध्याकाळी आम्ही आपाच्या घरी गेलो. भाच्याची माफी मागितली, तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "मामू, माणगावच्या पुढे मला आवाज आला होता. सांगणार होतो. पण वाटले, माझ्यावरच येईल."

त्याचा अंदाज चुकला नव्हता. त्याने सांगितले नाही तरी आम्ही त्याच्यावरच आणले होते. उलट घरी खरे सांगायची भीती नसती, तर रविवारी रात्रीच आवाजाचा पत्ता लागला असता.

आपाने चहा ठेवला. आम्ही निघताना गाडीची चावी भाच्याच्या हातात दिली आणि म्हटले, "घरापर्यंत तूच चालव. आणि काही वाजले तर लगेच सांग."

वाटेत तो दोनदा म्हणाला, "मामू, ऐका, काहीच आवाज नाही."