ऊन दाखवलंस का?

बोंबलाच्या जबड्यात बोट घातलं की कळतं, हा मासा दिसतो तेवढा मऊ नाही. अंग लोण्यासारखं, काटा जेमतेम, पण दात सुईसारखे आणि आतल्या बाजूला वळलेले. अर्नाळ्याला, माझ्या आजोळी, मी सात वर्षांची असताना आजीनं मला पहिली जोडी अडकवायला शिकवली. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात घालायचा, किंचित पिळायचा आणि जोडी वलांडीच्या दोरीवर अशी टाकायची की एक अलीकडे लोंबेल, एक पलीकडे. गाठ मारायची नाही, मीठही लावायचं नाही. दातांनीच एकमेकांना धरून ठेवायचं. बांबू रोवून त्यांच्यामध्ये एकावर एक दोऱ्या ताणलेल्या असायच्या, आणि दुपारचा वारा सुटला की हजारो बोंबील एकदम हलायचे. मी अडकवलेली जोडी खाली पडली, तर आजी ती वाळूतून उचलून धुवायची आणि पुन्हा माझ्याच हातात द्यायची.

ही सगळी तयारी आगोटीची. पाऊस लागला की दर्या खवळतो, होड्या वर ओढून शाकारल्या जातात. आता 1 जूनपासून यांत्रिक होड्यांना सरकारी बंदीच असते. आजीच्या काळी बंदी आभाळच घालायचं, आणि ती उठायची नारळी पौर्णिमेला. मधल्या दिवसांत ताटात मासळी हवी, तर ती दिवाळीपासून मे अखेरपर्यंत उन्हानं करून ठेवलेली असायला हवी. त्यासाठी घरात जवळा असे, सोडे असत, वाकट्या असत. पण मुख्य भरवसा बोंबलावर, कारण तो डोळीत भरभरून येतो आणि ताजा फार वेळ टिकत नाही. त्याच्या अंगात शंभरातले पंच्याऐंशी भाग तरी पाणीच. ते पाणी काढून घेतलं की उरतो तो काडीसारखा हलका, वाजणारा मासा.

डोळ म्हणजे समुद्रात खुंटांना बांधलेलं, पिशवीसारखं लांब जाळं. ते मासळीच्या मागे जात नाही. ओढ येते, पाण्याबरोबर मासळी आत शिरते. म्हणून मामाचं पंचांग भिंतीवर नव्हतं, पाण्यात होतं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, पाण्याला जोर, जाळं जड. अष्टमीच्या सुमाराला भांग, पाणी सुस्त, जाळंही रिकामं. शाळेत मला वार आठवत नसत, पण आज तिथी कोणती हे अंगणातल्या टोपल्या बघून सांगता यायचं.

मासळी किनाऱ्याला लागली की पुढचं काम बायकांचं. धुणं, जोड्या लावणं, वाळवणं, मोजणं, विकणं. हे किती नाजूक काम आहे, ते मला फार उशिरा कळलं. ऊन कडक आणि वारा कोरडा असेल तर तीन-चार दिवसांत बोंबील तयार होतो. आभाळ भरलं तर तो ना ओला राहतो ना सुका, आंबतो, अळी धरतो. मामी शेपटीजवळ चिमटीत धरून वाकवायची. वाकला तर अजून एक दिवस. कट्कन मोडला तर उतरवायचा. त्या आवाजावर तिचा जेवढा विश्वास, तेवढा माझा कोणत्याही यंत्रावर बसलेला नाही.

लग्नानंतर मी पुण्याला आले. दर मे महिन्यात मामी मला तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा भरून द्यायची. विरारपर्यंत एसटी, तिथून लोकल, मग पुण्याची गाडी. डबा मी मांडीवरच ठेवत असे. पहिल्या भाड्याच्या घरात मालकीणबाईंनी वासावरून निक्षून सांगितलं, हे इथं चालणार नाही. तो पावसाळा डबा बंद राहिला आणि आतलं सगळं मऊ पडून वाया गेलं. फेकताना मला रडू आलं. मी फेकत होते ते मामीचे उन्हात उभे राहिलेले दिवस होते. पुढचं घर आम्ही शोधलं ते आधी हे विचारूनच.

मग डिसेंबर 2017 आला. ओखी वादळ केरळ, लक्षद्वीपकडून वर सरकत होतं. आमच्या किनाऱ्यावर ते पाऊस होऊन आलं, 4 आणि 5 तारखेला, ऐन वाळवणीच्या मोसमात. मी दोन दिवसांनी पोचले तेव्हा वलांड्या उभ्या होत्या, बोंबीलही लटकलेले होते. लांबून सगळं ठीक दिसत होतं. जवळ गेले तर वासानं कळलं. आजी तेव्हा नव्हती. मामी एकेक जोडी सोडवून टोपलीत टाकत होती. खताला गेली तर गेली. मी तिच्या शेजारी उभी राहून सोडवायला लागले. अडकवायला शिकवलं होतं, सोडवायला कुणी शिकवलं नव्हतं. भिजून फुगलेले जबडे सुटत नव्हते, दात बोटांना लागत होते. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघी फारसं बोललो नाही. शेवटची दोरी रिकामी झाल्यावर मामीनं ती ताणून पाहिली, एक गाठ सैल वाटली, ती घट्ट केली. चार दिवसांनी त्याच दोरीवर नवे बोंबील होते.

डबा अजून येतो. आतून कागद, वर घट्ट झाकण. जुलैत उघडीप पडली की त्यातले बोंबील काढून दोन तास उन्हात पसरायचे, गार होऊ द्यायचे, मग पुन्हा भरायचे. नाहीतर श्रावणापर्यंत टिकत नाहीत. भर पावसात त्यातला एक निखाऱ्यावर भाजला, लसूण-मिरचीबरोबर कुटला आणि तांदळाच्या भाकरीशी खाल्ला, की घरात अर्नाळ्याची दुपार होते.

आज सकाळी आठलाच मामीचा फोन आला. गुडघे कसे आहेत विचारलं तर ते बाजूला सारून म्हणाली, "पोरी, आमच्याकडं उघडलंय. तुझ्याकडं? ऊन दाखवलंस का?"

मी गच्चीतूनच बोलत होते. चादर पसरली होती, डबा उपडा केला होता, आणि वाळलेल्या बोंबलांत दोन अजून एकमेकांचा जबडा धरून होते.