फ्रेमच्या कडेला

कसारा घाटात मी कित्येक वर्षं गाड्यांचे फोटो काढतोय. इथे दर 37 फुटांमागे 1 फूट चढ आहे, म्हणून इगतपुरीकडे चढणाऱ्या गाडीला कसाऱ्यात मागून बँकर इंजिनं जोडतात. एखादं वळण हेरायचं, लांब उभं राहायचं आणि 200 मिलिमीटरची लेन्स लावायची, ही माझी पद्धत. डबे एकमेकांना खेटलेले दिसतात, मागचा डोंगर इंजिनावर झुकतो. खरं तर ही करामत अंतराची असते. लांबून पाहिलं की मधली जागा दबते. लेन्स फक्त आजूबाजूचं कापून टाकते.

अब्बा रेल्वेत कीमन होते. खांद्यावर हातोडा घेऊन याच घाटात रोज रूळ तपासत चालायचे. त्यांच्या इंतकालानंतर त्यांचा कामावरचा एखादा फोटो शोधायला बसलो. शेकडो गाड्या निघाल्या. एका फोटोच्या उजव्या कडेला अर्धा खांदा आणि झेंडी धरलेला हात होता. अब्बाच असावेत. एरवी त्यांना मीच फ्रेमबाहेर ठेवलं होतं.

आता रस्त्यावरच्या पुलावरून 35 मिलिमीटरने काढतो. इंजिन लहान दिसतं, विजेचे खांब मध्ये घुसतात, आकाश जरा जास्तच येतं. पण गाडीला वाट देऊन रुळाकडेला उभा राहिलेला माणूस पुरता मावतो. गाडी यायच्या आधी मी त्यालाच शोधतो.