सोयाबीनचा आवरता श्वास

५ जुलै
अंधारात वाढवलेली सोयाबीनची रोपं आज खुडली. सकाळपासून शीतखोलीतच आहे. बर्फावरच्या खलात बीजदलं वाटायची, मलमलीतून गाळायची, मग सेंट्रिफ्यूज. आधी सावकाश, चोथा बसवायला; नंतर १२,००० जी. नळीच्या बुडाशी उरलेला फिकट बदामी थर चित्रकलेच्या मऊ ब्रशनं अलगद सोडवायचा. रेंगाळलं की माल वाया. संध्याकाळी ऑक्सिजन इलेक्ट्रोडची रेघ तिरकी उतरू लागली, म्हणजे मायटोकाँड्रिया श्वास घेतायत. तेव्हा कुठे जेवणाची आठवण झाली.

६ जुलै
नायट्रिक ऑक्साइड विरवलेल्या पाण्याचे काही थेंब सोडले आणि रेघ जवळजवळ आडवी झाली. सायटोक्रोम ऑक्सिडेज या श्वसनाच्या एन्झाइमवर ऑक्सिजन जिथे बसतो, नेमकी तीच जागा हा वायू अडवतो. तो संपत आला तसा उतार आपोआप परत आला. सायनाइड घातलं असतं तर रेघ अशी सावरली नसती.

खरी मजा त्या ‘जवळजवळ’मध्ये आहे. श्वास पुरता थांबत नाही, कारण वनस्पतींकडे आणखी एक वाट असते: अल्टरनेटिव्ह ऑक्सिडेज. तिला हा वायू रोखू शकत नाही, हे मिलर आणि डे यांनी १९९६ मध्येच दाखवलं, तेही सोयाबीनवर. आज तिचा रोधक घातला तेव्हा उरलासुरला उतारही गेला. या वाटेनं एटीपी फार कमी मिळतं, बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन जाते. सुरणाच्या कुळातली फुलं गरम होतात ती याच एन्झाइमच्या जोरावर.

९ जुलै
दादाचा फोन. लातूरकडे सलग पाऊस, रानात पाणी तुंबलंय, सोयाबीन पिवळं पडलंय. एक झाड उपटून त्यानं मुळावरची गाठ नखानं फोडली, तर आतला लालसर रंग जाऊन हिरवट झालेला. म्हणाला, “तुझ्या त्या मशीनला विचार, काय फवारू?” म्हटलं, आधी चर काढ. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या मानानं सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. मुळांना तो मिळाल्याशिवाय फवारून काय उपयोग? वाफसा आल्यावर बोलू.

१० जुलै
दादाच्या गाठी डोक्यातून जात नाहीत. ऑक्सिजन आटला की मुळांमधले मायटोकाँड्रिया इलेक्ट्रॉन नायट्राइटला देतात आणि नायट्रिक ऑक्साइड स्वतःच तयार करतात. जव आणि भाताच्या मुळांतले मायटोकाँड्रिया असं करताना थोडं एटीपीसुद्धा बनवतात, हे २००७ मध्ये दिसलं. फायटोग्लोबिन हे प्रथिन तो वायू उचलून नायट्रेट करतं, नायट्रेटचं पुन्हा नायट्राइट होतं, आणि चक्र फिरत राहतं.

सायटोक्रोम ऑक्सिडेज इतकं अधाशी की ऑक्सिजन अगदी नावापुरता उरला तरी तो ओढत राहतं. नायट्रिक ऑक्साइडनं त्याला लगाम घातला तर उरलेला साठा जास्त वेळ पुरतो. शिवाय नायट्रिक ऑक्साइड अकोनिटेज हे एन्झाइमही अडवतो. मग सायट्रेट साचतं आणि त्या इशाऱ्यावर दुसऱ्या वाटेचं एन्झाइम वाढतं. याला गुदमरणं म्हणायला मी तयार नाही. झाड काटकसर करतंय. अर्थात काटकसरीलाही मर्यादा असते. पाणी ओसरून ऑक्सिजन एकदम परतला की सुपरऑक्साइड वाढतं, ते आणि नायट्रिक ऑक्साइड मिळून पेरॉक्सिनायट्राइट होतं, आणि ते प्रथिनांची नासधूस करतं.

१४ जुलै
आज वाचनगटात जुंपली. सोडियम नायट्रोप्रुसाइड फवारलं आणि रोपं ताणातून तरली, म्हणून श्रेय नायट्रिक ऑक्साइडला, असा तो शोधनिबंध. अहो, त्या रसायनातून सायनाइडही सुटतं! मायटोकाँड्रियावर काम करणाऱ्यानं तरी हे विसरू नये. दोन्ही रेणू एकाच एन्झाइमला धरतात. परिणाम कोणाचा, हे कसं ठरवणार? निदान वायू निघून गेलेलं शिळं द्रावण तुलनेला ठेवायचं होतं. सर म्हणाले, “सगळेच तर वापरतात.” यावर काय बोलणार!

१५ जुलै
बाहेरून काही न घालता प्रयोग करून बघायचं ठरलं. रोपांची एक रांग नायट्रेटवर, दुसरी अमोनियमवर. अमोनियमवाल्यांकडे नायट्राइट बनायला कच्चा मालच नाही, म्हणजे मुळं पाण्यात बुडवल्यावर घरचा नायट्रिक ऑक्साइड जेमतेम. दोन्हींच्या मुळांतलं एटीपी मोजायचं. बियाणं भिजत घातलंय.