लडाख : पाळीच्या पाण्यावरचा हिरवा मुलूख

हातात चार पैसे आले की आपण पंढरपूर-तुळजापूर करतो, जमले तर काशीला जाऊन येतो. एकदा लडाखलाही जाऊन या. बर्फाचे डोंगर तेथे आहेतच; पण शेतकऱ्याने जावे ते तेथली शेती पाहायला.

लेह शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. पाऊस आणि बर्फ धरून वर्षाला पाणी पडते जेमतेम १०० मिलिमीटर. आपल्या माण-आटपाडीकडे दुष्काळ म्हणतात, पण तेथेही याच्या कितीतरी पट अधिक पाऊस पडतो. हिवाळ्यात पारा उणे २० अंशांपर्यंत उतरतो. तरीही उन्हाळ्यात गावोगावी सातूची शेते हिरवीगार दिसतात.

पाण्याची पाळी

सारी शेती डोंगरावरच्या वितळत्या बर्फावर चालते. ओढ्यातून पाट काढलेले असतात. रात्रीचे पाणी ‘झिंग’ नावाच्या छोट्या तळ्यात साठवून दिवसा शेतांना देतात. पाळी लावण्यासाठी गाव आपल्यातलाच एक माणूस नेमते, त्याला ‘चुरपोन’ म्हणतात. आपल्या पांझरा-मोसम खोऱ्यातल्या फडावरच्या पाटकऱ्याचा हा भाऊच म्हणा ना.

अडचण अशी, की पेरणी एप्रिल-मेमध्ये आणि उंचावरचे बर्फ भरपूर वितळते ते जूननंतर. म्हणून छेवांग नोरफेल या स्थापत्य अभियंत्याने १९८७ पासून ओढ्याचे हिवाळी पाणी गावाजवळच्या सावलीच्या उतारावर अडवून गोठवायला सुरुवात केली. पुढे २०१३-१४ च्या हिवाळ्यात सोनम वांगचुक यांनी बर्फाचा स्तूप उभारला. उंचावरून नळाने आणलेले पाणी आपल्याच दाबाने कारंज्यासारखे उडते, थंडीत गोठते आणि त्याचा शंकूसारखा ढीग होतो. शंकूला ऊन कमी लागते, म्हणून हे बर्फ पेरणीच्या दिवसांपर्यंत टिकते.

घरचे जेवण

शक्यतो खेड्यातल्या घरीच पाहुणे म्हणून उतरावे. सातू तापल्या वाळूत भाजून पाणचक्कीवर दळतात आणि ते पीठ चहात कालवून खातात. हा चहा मीठ आणि लोणी घालून लाकडी नळकांड्यात घुसळतात. त्या आवाजावरून त्याला ‘गुरगुर चहा’ म्हणतात. ‘स्क्यू’ म्हणजे आपल्या चकोल्याच. कणकेचे अंगठ्याने दाबलेले तुकडे सलगम-बटाट्याच्या रश्शात शिजवतात. हिवाळ्यासाठी कंदभाज्या जमिनीत पुरून ठेवतात आणि पालेभाज्या वाळवतात. आपल्या गृहिणींनी हे मुद्दाम पाहावे.

केव्हा जावे?

एप्रिलमध्ये शाम व कारगिल भागांत जर्दाळू फुलतो. जुलै-ऑगस्टमध्ये फळ पिकून घरांच्या धाब्यांवर वाळत पडते. आपल्याकडे खरिपाची खुरपणी-कोळपणी उरकून सुगी लागण्यापूर्वी थोडी उसंत मिळते, तेव्हा तेथे सातूची कापणी असते. कोठे कोठे अजून खळ्यात तिवड्याला जनावरे बांधून मळणी करतात आणि उफणताना वारा यावा म्हणून शीळ घालतात. डिसेंबर-जानेवारीत बर्फ, लोसर सण आणि नशीब असेल तर हिमबिबट्या. पण म्हातारी माणसे व लहान मुले बरोबर असतील तर हा काळ टाळावा. श्रीनगर व मनालीकडून येणारे रस्ते हिवाळ्यात बर्फामुळे बंद पडतात. विमान बारमाही आहे. लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस पूर्ण विश्रांती घ्यावी, कारण तेथे हवा विरळ असते. रक्तदाब, दमा वा हृदयविकार असलेल्यांनी निघण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

शेवटी एकच विनंती. लेहमध्ये प्रवासी वाढले, तशा विंधन विहिरी वाढल्या आणि पाणी ओतायचे संडासही वाढले. खेड्यातल्या जुन्या संडासाला पाणी लागतच नाही. वरून माती-राख टाकतात, खाली खत तयार होते आणि पेरणीपूर्वी ते शेतात जाते. तुम्ही तोच संडास वापरा आणि अंघोळ एका बादलीत उरका. तेथे सांडलेले पाणी कोणाच्या तरी पाळीतले असते, हे पाटाच्या तोंडाशी रात्र जागून काढणाऱ्याला वेगळे सांगायला नको.