लेल्यांकडे आणि लेलेंकडे

नाम म्हणजे काय, हे आमच्या पिढीला कधी धड सांगता आलं नाही. पण ते चालवता मात्र यायचं. 'देव शब्द चालवा' एवढं मास्तरांनी म्हणायचा अवकाश, अख्खा वर्ग पाढ्यांच्या चालीत सुटायचा. स-ला-ते, स-ला-ना-ते. ने-ए-शी, नी-शी-ई-ही. ऊन-हून, चा-ची-चे. यातला 'ते' आमच्यापैकी कुणाच्याही घरी बोलला जात नव्हता. 'देवाते' म्हणणारी माणसं ज्ञानेश्वरांबरोबर गेली होती, पण तक्त्यात त्यांची जागा कायम होती. द्वितीया आणि चतुर्थीचे प्रत्यय हुबेहूब सारखे, तरी 'विभक्ती ओळखा' या प्रश्नात गफलत झाली की हातावर छडी बसायची. एकूण प्रकार अडाणीपणाचाच होता.

आता छडी गेली, ते उत्तम झालं. छडीबरोबर चालही गेली. नातवंडांना नामाचे प्रकार येतात. सामान्यनाम, विशेषनाम, भाववाचक नाम अशा पर्यायांतून बरोबर पर्यायावर त्यांचं बोट पटकन पडतं. आम्हाला नाम चालवता येत होतं, यांना ओळखता येतं.

चालवणं म्हणजे नुसता प्रत्यय डकवणं नव्हे. मराठी नाम दुसऱ्या शब्दाशी नातं जोडायला निघालं की आधी जरा वाकतं, मग पुढे जातं. माणूस 'माणसा' होतो आणि मग 'माणसाला'. विंचू 'विंचवा' होतो, तेव्हा कुठे 'विंचवाचं' विष उतरतं. या वाकण्याला व्याकरणात सामान्यरूप म्हणतात. विशी-बाविशीतल्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 1836 साली मराठीचं व्याकरण छापून काढलं, आणि 1911 साली मोरो केशव दामल्यांनी 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हा जाडजूड ग्रंथ सिद्ध केला. त्या दामल्यांबद्दलही आता 'दामलेंनी लिहिलं' असं छापून येतं. व्याकरणकाराच्याच आडनावाचं सामान्यरूप जावं, हे अगदीच झालं.

आमच्या लहानपणी संध्याकाळी लेल्यांकडे जायचं असे, गोखल्यांचा निरोप असे, सान्यांच्या अंगणात पत्रावळी पडत. आता लेलेंकडे जातात, तेही आधी फोन करून. आडनाव ताठ झालं, त्यामुळे एक सोयही झाली. 'गोखल्यांनी' म्हटल्यावर मूळ नाव गोखला की गोखले, असा परमुलखातल्या माणसाला प्रश्न पडायचा. 'गोखलेंनी'त तो पडत नाही. हे सगळं मान्य. तरीही लेल्यांकडे जाण्यात जी सलगी होती, ती लेलेंकडे जाण्यात नाही, असं मला उगीचच वाटतं. कदाचित ती सलगी व्याकरणात नसून न विचारता चहाला बसण्यात असेल.

गावांचंही तेच. आम्ही कोल्हापुरात राहत होतो, नागपुरास जात होतो. आता सगळे कोल्हापूरमध्ये राहतात आणि नागपूरमध्ये बदली होऊन जातात. पुणं अजून पुण्यात आहे, पण बातम्यांत अधूनमधून 'पुणेमध्ये' पाऊस पडतो. देव मात्र अजून वाकतो. देवळातल्या रामाला फूल वाहतात आणि शेजारच्या रामला फोन लावतात.

स्वयंपाकघरात तर लिंगावरून आकार कळायचा. लोटा मोठा, लोटी लहान. विळा शेतात, विळी घरात. पळा, पळी, बुधला, बुधली, टोपला, टोपली, सुरा, सुरी. 'डबी आण' म्हटलं की डबा आणणारा मार खायचा, कारण मोठं-लहान हे वेगळं सांगायची गरजच नव्हती, ते नामाच्या शेपटात असे. मोठं ते पुल्लिंगी आणि लहान ते स्त्रीलिंगी, ही वाटणी कुणी केली असावी, हे मात्र तेव्हा कुणी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. आता ओट्यावर मोठा बाउल असतो, मिडियम बाउल असतो आणि छोटा बाउल असतो. तिघेही पुल्लिंगी, तिघेही समान. न्याय झाला, पण बुधली गेली.

अनेकवचनांकडे पाहिलं की घराची खानेसुमारी कळायची. सासू-सासवा, जाऊ-जावा, नणंद-नणंदा. एकाच माजघरात दोन सासवा आणि चार जावा नांदत, किंवा नांदत नसत. भांडणं अनेकवचनातच होत. आता जाऊ असली तर एक असते, ती दुसऱ्या शहरात, आणि नुसतं 'जावा' म्हटलं की मुलांच्या डोक्यात संगणकाची भाषा येते. उवा आणि पिसवा हीसुद्धा त्याच घरातली अनेकवचनं, आणि ती गेल्याचं दुःख माझ्या आईलाही झालं नसतं.

मला खरोखर हळहळ वाटते ती परक्या नामांच्या पाहुणचाराची. पोर्तुगिजांबरोबर बटाटा आला, त्याचे आपण बटाटे केले आणि बटाट्याची भाजी केली. चावी आली, तिच्या चाव्या झाल्या. इंग्रजी शब्दांनाही आम्ही तसंच घरात घेतलं. तिकिटं काढली, पेन्सिली हरवल्या, सायकली भाड्याने आणल्या, फायली तुंबवल्या, बिस्किटं चहात बुडवली. बस 'ती' झाली, ट्रक 'तो' झाला आणि टेबल 'ते' झालं. सभा न भरवता, ठराव न करता सगळ्या महाराष्ट्राने हे कसं ठरवलं कोण जाणे. आता पाहुणा स्वतःचं अनेकवचन बरोबर घेऊन येतो. पेन्सिल्स, बिस्किट्स, फाइल्स, मेसेजेस. ईमेल तो, ती की ते, यावर अजून घराघरात एकमत नाही. डोशाचं पीठ आणि समोशाची चटणी म्हणणारी नातवंडं 'पिझ्झ्याचा तुकडा' म्हटलं की खिदळतात. डोसा वाकतो तर पिझ्झ्याला काय झालं? त्यांच्याकडे उत्तर नाही, आणि माझ्या प्रश्नात त्यांना रसही नाही.

पण या वाकण्याचं फार कौतुक करायला जीभ धजावत नाही, कारण नामांबरोबर तेव्हा माणसंही वाकत होती, आणि बहुतेक त्या बायका होत्या. लग्नात ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने त्यावर अंगठीने नवं नाव लिहायचं, आणि वीस वर्षं वापरलेलं विशेषनाम माहेरीच ठेवून मुलीने निघायचं. नवऱ्याचं नाव तिने घ्यायचं ते फक्त उखाण्यात. एरवी 'अहो', नाहीतर 'इकडून येणं झालं का?' म्हणजे ज्या माणसाभोवती सगळा संसार, त्याला नामच नाही. कोकणात मालवणीत चेडू, म्हणजे मुलगी, नपुंसकलिंगी, 'ता चेडू'. आणि मुलगाच हवा असलेल्या घरांत मुलीचं नाव 'नकुशा' ठेवलं जाई. एका विशेषणाचं हे विशेषनाम. 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा मुलींना समारंभाने नवी नावं दिली गेली, तोवर ती नावं शाळेच्या हजेरीत रोज पुकारली जात होती.

आता बायको नवऱ्याला चारचौघांत नावाने हाक मारते, आणि उखाणा हौसेने, रीलसाठी घेते. ताटातले तांदूळ बऱ्याच घरांत नुसते तांदूळ राहतात. आमच्या घरातही राहिले. सुनेने नाव आणि आडनाव दोन्ही आपलीच ठेवली. एका आत्याबाईंनी नाक मुरडलं, बाकी कुणाचं काही अडलं नाही.

आमच्या पिढीत आकारान्त बायकांनाही सामान्यरूप असे. शांतेला बोलाव, विमलेकडून घे. आणि अंगणातून हाक यायची, 'अगं शांते!' त्या एका 'ए'मध्ये माया असे, दटावणी असे, आणि भर दुपारी असली तर हमखास काम असे. आता 'श्रेये' किंवा 'अनन्ये' अशी हाक कुठल्याच गॅलरीतून येत नाही. सवयीने मी पहिल्या दिवाळीत मुलाला म्हणालो, "अरे, अन्वितेला विचार, चहा घेणार का?"

सूनबाई आतून हसत बाहेर आली. "बाबा, अन्विताला म्हणा ना. अन्वितेला म्हटलं की वनवासाला पाठवताय असं वाटतं."