गाणे कोणाचे, गळा कोणाचा

आषाढी एकादशी जवळ आली, की कुडपणच्या डोंगरापासून पोलादपूर-महाडच्या बाजारपेठांपर्यंत प्रल्हाद शिंदे यांचा आवाज घुमू लागतो. ‘पाऊले चालती पंढरीची वाट’ हे गीत ठाऊक नाही असा माणूस या भागात विरळा. एप्रिलमध्ये भीमजयंतीला बौद्धवस्तीत भीमगीते व कव्वाल्या गात असतो तोही हाच आवाज. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाच्या या गायकाने विठ्ठलाची गीते का गावीत आणि आमच्या मुलांनी ती ऐकावीत का, असे अनेक पालक आम्हांस विचारतात. प्रश्न प्रामाणिक आहे. इतिहासाचे शिक्षक म्हणून त्याचे उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य मानतो.

परक्याची मानलेली गाणी आपल्या गळ्यातून गाण्याचा प्रसंग इतरत्रही घडला आहे. विली नेल्सन हे टेक्सासचे गायक ‘कंट्री’ संगीतासाठी, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण, मुख्यतः गोऱ्या समाजाच्या लोकप्रिय गाण्यांसाठी प्रसिद्ध. १९७८ मध्ये त्यांनी ‘स्टारडस्ट’ ही ध्वनिमुद्रिका काढली आणि तीत शहरी रंगभूमी, चित्रपट व नृत्यगृहांतील जुनी, सर्वतोमुखी गीते गायिली. तिचे शीर्षकगीत होगी कारमायकल यांनी १९२७ मध्ये, म्हणजे चवदार तळ्याच्या सत्याग्रहाच्याच वर्षी रचले होते. ध्वनिमुद्रिका कंपनीला या प्रयोगाविषयी शंका होती. पण अमेरिकेतच तिच्या पन्नास लाखांवर प्रती गेल्या. निर्मितीची धुरा बुकर टी. जोन्स या कृष्णवर्णीय संगीतकाराकडे होती.

याच ध्वनिमुद्रिकेत कारमायकल यांचे ‘जॉर्जिया ऑन माय माइंड’ हे गीतही आहे. ते जगभर पोहोचविले होते रे चार्ल्स या अंध, कृष्णवर्णीय गायकाने, १९६० मध्ये. पुढच्याच वर्षी जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथे गोऱ्यांची व काळ्यांची आसने वेगळी ठेवलेल्या कार्यक्रमात गाण्यास चार्ल्स यांनी नकार दिला. १९७९ मध्ये त्याच राज्याने हे गीत राज्यगीत म्हणून स्वीकारले. गोऱ्या संगीतकाराचे गीत चार्ल्स यांनी आपले मानले. वेगळे आसन मात्र मानले नाही.

आमच्या मते हाच विवेक येथे उपयोगी पडतो. बाबासाहेबांनी १९४८ मध्ये ‘द अनटचेबल्स’ हा ग्रंथ नंदनार, रविदास व चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. देवापुढची समता माणसामाणसांतील समता आणत नाही, अशी संतांच्या मार्गाची चिकित्साही त्यांनी ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या ग्रंथात, गांधीजींना दिलेल्या उत्तरात केली. त्यांनी माणसाचा गौरव केला, देवाला शरणागती दिली नाही. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वाराबाहेर आहे. त्या मंदिराचे दार अस्पृश्यांसाठी उघडले ते १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. दाराबाहेर उभ्या केलेल्या समाजाच्या एका गळ्याशिवाय आज वारीची गाणी पुरी होत नाहीत. प्रतिज्ञा आचरणाची असते; गाणे ही गायकाची कला आणि उपजीविका. म्हणून आमची मुले ही गीते ऐकतात, शब्द स्पष्ट कसा टाकावा, वरचा सूर कसा पेलावा हे शिकतात, आणि वंदन मात्र बुद्धालाच करतात. यात आम्हांस विसंगती दिसत नाही.

विसंगती आहे ती दुसरीकडे. एकादशीला हा आवाज ज्या घरांत भक्तिभावाने ऐकला जातो, त्यांपैकी किती घरांत चौदा एप्रिलला त्याचे भीमगीत लागते? आम्ही त्यांचा विठ्ठल ऐकला, त्यांनी आमचा भीमराव किती ऐकला? आवाजाला वेशीच्या आत घ्यायचे आणि त्या आवाजातला विचार वेशीबाहेर ठेवायचा, हा व्यवहार फार जुना आहे.

वामनदादा कर्डक आणि प्रल्हाद शिंदे २००४ या एकाच वर्षी, काही आठवड्यांच्या अंतराने गेले. एकाची लेखणी आणि दुसऱ्याचा गळा हा आपला वारसा आहे. आमच्या माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या गावी तो दोन्ही वस्त्यांत एकाच ध्वनिक्षेपकावरून ऐकवावा. गाण्यासाठी उघडलेले दार माणसासाठीही उघडे राहील, एवढा आग्रह धरण्याचा अधिकार आपल्याला चवदार तळ्याने दिला आहे.